सातवी फांदी

हैदराबाद, ता. ४ जुलै १९३८

ती. अक्कास तातेरावाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. गावाकडे निघालेल्या शंकरसिंगाबरोबर ओल्या फडक्यात सात फांद्या पाठवतो आहे. मी कारकुनी करतो त्या बंगल्यातलं हे झाड. वीतभर लांब पांढरी फुलं खाली तोंड करून लोंबतात आणि सांजेला सारं आवार घमघमतं. दोन डोळे मातीत, दोन वर, अशा सावलीत लाव. रोज उपटून मुळं आली का पाहू नकोस. लहानपणी लसणाचं काय केलंस ते मी विसरलो नाही.

तुझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, नमस्कार. आहे तो लोभ उणा होऊ देऊ नकोस.

तुझा तातेराव

हट्टा, ता. ११ जुलै

चि. तातेरावास मनकर्णाचे अ. उ. आ.

फांद्या पोचल्या. न्हाणीमागे ओळीनं लावल्या. उपटून पाहिलं नाही. म्हणजे एकदाच, आणि तीही एकच.

आत्याबाई म्हणाल्या, भाजीला जागा न्हाई अन् हिनं काड्या काहून रोवल्या? पण येता-जाता तिथंच घुटमळतात. परवा म्हणाल्या, कशा सरळ हायेत, दातवणाला बराबर. मी म्हटलं, एकीलाही हात लावायचा नाही, मी रोज मोजते. झालं, तेव्हापासून अबोला. सध्या घरात माझ्याशी मांजर तेवढं बोलतं.

प्रकृतीला जप. माया आहे ती राहू दे.

तुझी अक्का

हैदराबाद, ता. १५ जुलै

अक्का,

नमस्कार मागून. पत्र मिळताच न्हाणीमागे जा आणि फांद्या मोज.

तुझं पत्र गंमत म्हणून माळी हरिचंदला वाचून दाखवलं. दातवणाचं ऐकून तो झारी ठेवून उभाच राहिला. झाड धोत्र्याच्या जातीचं आहे. पान, फूल, काडी, सगळं विषारी. चघळलं तर तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळतं, घरच्यांना ओळखत नाही. तसं काही झालं तर देवऋषी नको. वसमतच्या डॉक्टरकडे न्या आणि विष कशाचं ते सांगा.

मी न विचारता पाठवलं. पत्राला चार दिवस लागणार, आणि हट्ट्याला तारघर नाही. लगेच दोन ओळी लिही.

तातेराव

हट्टा, ता. २४ जुलै

चि. तातेरावास अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा आत्याबाई आदल्या सकाळपासून खाटेवर होत्या. हवेतून काहीतरी वेचत होत्या, मेलेल्या बहिणीशी बोलत होत्या. मला पाहून किंचाळल्या. भाऊजी साऱ्या गल्लीसमोर म्हणाले, भाकर हिच्या हातची, अबोला हिच्याशी, मंग दुसऱ्या कोणी केलं? मायला काही झालं तर हिला घरात ठेवनार न्हाई. यांनी मान खाली घातली. तातेराव, तेव्हा मला मरणाची भीती वाटली.

खोटं सांगत नाही, तुझं पत्र चुलीत घालावं असं मनात आलं. सगळ्यांपुढे वाचलं तर विष माझ्या माहेरचं ठरणार, न वाचलं तर डॉक्टर औषध कशावर देणार?

फांद्या मोजल्या. सातच्या सात. आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मग एकेक उपटली. सहांना मुळांचे पांढरे ठिपके आले होते. सातवीचं मातीतलं टोक चावून चावून कुंच्यासारखं झालं होतं. मी मोजते म्हणून आत्याबाईंनी दात घासून ती परत रोवली होती.

ती काडी हातात धरून मी अंगणात सगळ्यांपुढे पत्र वाचलं. भाऊजी म्हणाले, पाहा, विष हिच्या भावाचं. पण बैलगाडी वसमतला निघाली.

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला नावानं हाक मारली. भाऊजींना म्हणाल्या, सुनेनं न्हाई दिलं रे, म्याच चोरलं. हिच्यासंगं बोलत नव्हते, मंग मागू कशी?

सगळ्या फांद्या खोल पुरल्या. हे अजून माझ्याकडे नजर उचलत नाहीत. आत्याबाई मात्र आधी माझ्या हातचाच घास मागतात. तुला निरोप आहे, की पुढच्या बारीला गुलाबाच्या फांद्या धाड, चांगल्या काट्यांच्या.

लोभ असाच ठेव, फक्त पाठवण्याआधी विचारत जा.

तुझी अक्का