कातळावरचे वाफे

वसई,
२० ऑक्टोबर २०२४

ति. सकूबायस,
धनेशचा सा. न. वि. वि.

फोन केला की तू मध्येच ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसलो. आपला चुलतभाऊ कमलेश दसऱ्याला पोशेऱ्याला जाऊन आला. तू घरापुढचं सगळं अंगण लाकडी खोक्यांनी भरून त्यांत भाजी लावलीस, असं तो सांगत होता. मला खरं वाटेना, तेव्हा त्यानं फोटो दाखवला. बाय, ते वाफे आहेत की कबरी? वर सुतळ्या ताणून फूट-फूट चौकोन पाडलेत आणि चौकोनात चिमूटभर मेथी! आपल्या बापानं डोंगरउतारावर नाचणी पिकवली आणि त्याची लेक भातुकली खेळतेय. रंजना तर फोटो बघून हसून लोळली.

आता कामाचं. डिसेंबरात शहरातली माणसं पैसे देऊन आपल्याकडे राहायला येणार आहेत. अंगणात तंबू लावायचं ठरलंय. तोवर खोकी उचलून टाक. आमची पोर मीना सारखी आत्याची आठवण काढते. तब्येतीला जप.

तुझा भाऊ,
धनेश


पोशेरा,
३ नोव्हेंबर २०२४

चि. धनेश यास,
सकूबायचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे. माझ्या वाफ्यांनी तुझ्या बायकोची करमणूक झाली, बरं झालं. वसईत तिला दुसरं काय आहे हसायला?

सासरी साखरशेतला नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि मी माहेरी आले, तेव्हा तुझ्याकडे भाजीपुरता जमिनीचा तुकडा मागितला होता. तू शेत शेजारच्या चंदूला अर्धेलीनं देऊन टाकलंस आणि परत आलेल्या बहिणीला भाकर मिळेल, जमीन नाही, असं चारचौघांत बोललास. ती भाकर मी मिठाशी खाल्ली. मग जव्हारच्या शिबिरात एका बाईनं हे चौकोनी वाफे दाखवले. आपलं अंगण म्हणजे नुसता कातळ, त्यावर गवतसुद्धा धरत नाही. पडक्या गोठ्याच्या फळ्यांच्या चौकटी ठोकल्या. ओहोळाची माती, शेण, कुजका पाला सगळं डोक्यावरून आणलं. तांदूळ धुतलेलं पाणी घालते. आज लाल माठ आहे, मुळा आहे, चवळी काठीवर चढलीय. कुणाकडे हात पसरत नाही.

तुझ्या पाहुण्यांना कापडाखालीच झोपायचं असेल, तर त्यांनी आपापल्या गच्चीवर झोपावं. वाफे हलणार नाहीत. मीनाला पापा.

तुझी बहीण,
सकू


वसई,
१ डिसेंबर २०२४

ति. सकूबायस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र रंजनाला दाखवलं नाही, म्हणजे तुझीच लाज राखली. चार मुळे उपटले म्हणून कुणी शेतकरीण होत नाही. नवऱ्याच्या घरीही अशीच जीभ चालवली असशील. तू माझ्या घरात राहतेस, हे विसरू नकोस. कमलेश रविवारी दोन गडी घेऊन येईल आणि ते सगळं दरीत ओतेल. त्याच्याशी हुज्जत घालू नकोस. थंडी वाढलीय, पांघरूण घेऊन झोप.

धनेश


पोशेरा, खालचा पाडा,
५ जानेवारी २०२५

चि. धनेश यास,
अ. आ.

कमलेशनं तुला अर्धंच सांगितलं असणार, म्हणून लिहिते. तुझं पत्र आलं, तशी मी गौराकडे गेले. खालच्या पाड्यात ती एकटीच राहते. ती म्हणाली, माझं घर तुझंच, माती तेवढी घेऊन ये. शनिवारी पाड्यातल्या बाया घमेली घेऊन आल्या. आम्ही चौकटी उचलल्या, माती नेली. कोवळी रोपं मुळाच्या मातीसकट नेली. माती मी आणलेली होती. तुझा कातळ तुला झाडून ठेवला.

पाहुणे आले त्या दिवशी रंजना आणि मीनाही आल्या. कमलेश तंबूच्या खुंट्या ठोकत बसला. कातळात एक जाईना, सगळ्या वाकल्या. वाऱ्यानं कापड उडून चंदूच्या गोठ्यावर पडलं, म्हशी बिथरल्या. पाहुण्यांनी तेवढे फोटो काढले आणि ऊन उतरायच्या आत जव्हारच्या लॉजवर निघून गेले. तुझी शोभा झाली. मी दुरून बघितली. मला वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी रंजना मीनाला घेऊन खाली आली. या वेळी हसत नव्हती. तू फोनवर सांगितलेला निरोप तिनं दिला, की झालं गेलं सोडून दे, वर परत ये, बंद घराला वाळवी लागेल. म्हणजे तुला बहीण नको, राखणदार हवी. मी घराची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि सांगितलं, मी येणार नाही. ती उंबऱ्यातच उभी राहिली. मीना मात्र आत शिरून गौराच्या चुलीजवळ जाऊन बसली. तिला माठाची भाजी वाढली. पोरीनं तीनदा मागून घेतली. मग रंजनाचंही पान मांडलं. ती खाली मान घालून जेवली.

पत्राखाली लोभ असू द्यावा असं लिहायची रीत आहे. तुझा असेल तर असू दे. मी त्याची वाट बघत बसणार नाही.

सकू