तलाव किती, नदी किती

६ नोव्हेंबर

चार दिवस तलाव, एक दिवस नदी. शौनकने आखून दिलं, मी मान डोलावली. शौनक म्हणजे पोहण्याच्या तलावावरचा कोच. वयाने माझ्या निम्मा, बोलण्याने माझा बाप! "मॅडम, ताकद तलावात कमवायची. नदीत नुसती ओळख ठेवायची."

मागच्या डिसेंबरात मालवणला समुद्रातल्या पाच किलोमीटरच्या शर्यतीत मला बोटीत ओढून घेतलं. दमले नव्हते, हात दुखत नव्हते. मधेच एकदम लक्षात आलं की इथं धरायला काहीच नाही — भिंत नाही, दोरी नाही, खाली फरशी नाही — आणि हात थांबले. बोटीवरच्या माणसाने विचारलं, "ताई, गोळा आला का पायात?" मी हो म्हटलं. तेव्हापासून घरीदारी तेच सांगते आहे.

यंदा पुरी करायची. नाही झाली तर पोहणं बंद. हे कुणाला सांगितलेलं नाही.

८ नोव्हेंबर

तात्यांना वेळापत्रक वाचून दाखवलं. हल्ली पेपरसुद्धा मीच वाचून दाखवते. "लय बारीक छापत्यात आता," म्हणतात.

तात्या माझे सासरे. पंच्याहत्तरीला टेकले आहेत. फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. पहाटे कृष्णेत उतरल्याशिवाय चहा घेत नाहीत. मला पोहायला त्यांनीच लावलं, तेही चाळिशीनंतर. मी जत तालुक्यातली. आमच्याकडे पाणी टँकरने यायचं, त्यात कोण पोहणार! तात्यांनी पाठीला रिकामा डबा बांधला आणि माई घाटावरून सरळ पाण्यात सोडलं. इंद्रजित घाटावर उभा राहून हसत होता. नवऱ्याचं काम त्याने तेवढंच केलं.

वेळापत्रक ऐकून तात्या म्हणाले, "चार दिस डबक्यात आन् एक दिस नदीत? उलटं लिवलंय का त्यानं?"

मी म्हटलं, ताकद तलावात वाढते.

"भिंत हाताला लागती तवर त्याला पवणं म्हणत न्हाईत, पोरी."

मुद्दा अगदीच चुकीचा नाही.

११ नोव्हेंबर

तलाव. आज भिंतीला हात लावायचाच नाही, असा हुकूम. भिंतीच्या अलीकडे पाण्यातच वळायचं आणि परत निघायचं. पाय मारून मिळणारी फुकटची ढकल बंद! पहिल्या काही फेऱ्यांतच कळलं, इतके दिवस मी पोहत कमी आणि भिंतीवरून उड्या जास्त मारत होते. दम लागला. पण रस्ता बरोबर वाटतो.

दुपारची पाळी. गळीत हंगाम सुरू झाल्यापासून कारखान्याच्या प्रयोगशाळेत श्वास घ्यायला फुरसत नाही. उसाच्या रसातली साखर मोजत बसले आणि डोळ्यापुढे तलावाची काळी रेघ.

१४ नोव्हेंबर

नदी. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले आहेत, त्यामुळे पाणी तुंबून थेट पुलापर्यंत संथ. शौनकला हे सांगायला हवं — ही नदी सध्या एक लांबडा तलावच आहे, फक्त भिंत नाही.

निळी टोपी घातली होती. तात्यांनी घाटावरच अडवलं. "ती न्हाई. केशरी घाल." त्यांना म्हटलं, इथं कुठल्या बोटी येतात मला धडकायला? "घाल म्हणतो न्हवं!" घातली.

नेहमीप्रमाणे मी पुढे, ते माझ्या डाव्या अंगाला, थोडे मागे. मान पाण्याबाहेर ठेवून पोहतात, जुन्या पद्धतीने. मागे राहिलं की लक्ष ठेवता येतं, फौजी शिस्त असणार. ते मागे आहेत म्हटल्यावर मला खालच्या खोलीचं काही वाटत नाही. हे मात्र खरं.

१५ नोव्हेंबर

वरच्या अंगाला मगर दिसल्याची बातमी. घाट रिकामा. तात्या: "ती तिच्या वाटंनं, आमी आमच्या." तरीही इंद्रजितने दोघांनाही घरी बसवलं.

१९ नोव्हेंबर

तलाव. शौनक काठावरून ओरडत होता, "आवाज नको! हात आपटू नका!" त्याचं म्हणणं, पाण्यात हात जितका गुपचूप शिरेल तितकी ताकद वाचते. मी धोब्याने धुणं आपटावं तसे हात मारते म्हणे! "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

कुणी म्हणजे तात्यांनीच. तेही शिकवतानाचं नाही, अलीकडचं. गेली दोन वर्षं नदीत सारखं मागून चालू असतं — "हात वाजव! वाजव हात!" मला वाटलं नदीची हीच रीत असेल.

आता दोघांतून कुणाचं ऐकायचं? घड्याळ लावून पाहिलं. शौनकच बरोबर आहे.

२४ नोव्हेंबर

डोळे मिटून पोहायचा सराव. समुद्रात खाली रेघ नसते, म्हणून आपण कुठल्या बाजूला भरकटतो ते आधी माहीत हवं. मी उजवीकडे जाते. दर वेळी दोरीला धडक. थोडं अंतर गेलं की पुन्हा तेच — धरायला काही नाही — आणि डोळे आपोआप उघडतात.

जेवताना तात्यांना सांगितलं. ते हसले. मग भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "डोळं मिटून पवायला तलाव कशाला पायजे?"

"मग सरळ जायचं कसं?"

"कानानं जायाचं."

इंद्रजित म्हणाला, "तात्या, तिला आणि गोंधळवू नका." विषय संपला.

२९ नोव्हेंबर

नदी. पहिल्यांदाच गुपचूप हातांनी. केवढा फरक! पाणी बाजूला होऊन वाट देत असल्यासारखं वाटलं. पुलाजवळून वळले आणि थेट घाटाला लागले.

मागे पाहिलं तर तात्या नाहीत. नदीच्या ऐन मध्यात होते, घाट सोडून पुढे, बंधाऱ्याच्या अंगाला चाललेले. बरग्यांच्या फटीतून तिथं पाणी ओढ घेतं, हे त्यांनीच मला शिकवलेलं! हाका मारल्या. ते थांबले, जागेवरच पाय मारत राहिले, मान इकडेतिकडे केली. मी ओरडत राहिले तसे सरळ माझ्याकडे आले.

पायरीवर बसून बराच वेळ धापा टाकत होते. मग एकदम चिडले. "हात का वाजवंना झालीस तू?"

शौनकचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. ऐकून घेतलं. म्हणाले, "आसंल. शर्यतीला तेच बरं आसंल." टॉवेल डोक्यावर घेऊन चालू लागले. पायऱ्या चढताना एकदा अडखळले. हात दिला तर झटकला.

म्हातारपणीचा हट्ट. दुसरं काय म्हणणार!

२ डिसेंबर

तात्यांचा गुडघा दुखतो आहे. नदी बंद म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंघोळीआधी चहा.

४ डिसेंबर

गुडघा तसाच. मात्र घरात चालताना लंगडत नाहीत. रागच असावा. मीही विचारलं नाही.

६ डिसेंबर

नदी, एकटीने. इंद्रजित आपलं कुपवाडचं वर्कशॉप उशिरा उघडून घाटावर उभा राहिला, हातात फोन, चेहऱ्यावर उपकार. निघताना सवयीने डावीकडे वळून पाहिलं. मागे कुणी नाही. पुलाच्या अलीकडे हात थांबायला आले. शौनकची युक्ती केली: डोळे मिटले, हात मोजले, उघडले. पूल समोर होता. पुन्हा मिटले.

पुरं अंतर झालं. न थांबता!

येताना रिक्षात हिशेब लागला. गेल्या वर्षी मला भिंत सोडवली नव्हती असं मी समजत होते. ती भिंत तलावातली नव्हती. तात्या माझी भिंत होते. ते मागे असले की मी पोहायचे. मालवणला ते नव्हते, म्हणून बुडायला निघाले. त्यांनी गुडघ्याचं निमित्त केलं, ते बरंच झालं. हे लिहिताना जरा निष्ठुर वाटतं आहे, पण आहे ते असं आहे.

१० डिसेंबर

नणंद आल्या होत्या, दीपमालाताई, साताऱ्याहून. तात्यांना महिनाभर घेऊन गेल्या. मी मालवणला, इंद्रजित माझ्याबरोबर, मग त्यांचं जेवणखाण कोण बघणार? तात्या कधी मुक्कामाला जायला तयार नसतात. या वेळी लगेच तयार झाले.

गाडीत बसताना माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो खांद्यावर पडला. "समुद्रात कुनाचा भरोसा धरू नगंस," म्हणाले. मी वाकून नमस्कार केला. मनात आलं, बरं वाटलं ना आता, सुटलात माझ्या कटकटीतून. मोठ्याने बोलले नाही.

१४ डिसेंबर, मालवण

पुरी केली.

मागच्या वर्षीची जागा ओळखू आली नाही. समुद्रात जागा कुठं असते! मधे एकदा लाट तोंडात गेली, एकदा दिशा चुकले, वाट दाखवणारा पिवळा फुगा शोधून पुन्हा वळले. हात थांबले नाहीत. वाळूला पाय लागले तेव्हा रडू येईल असं वाटलं होतं, पण भूक लागली होती. इंद्रजितने फोटो काढला, त्यात माझे डोळे मिटलेले.

शौनकला फोन केला. "सांगितलं होतं ना मॅडम, तलाव!" होय बाबा, तलाव.

१५ डिसेंबर

तात्यांना फोन.

"पुरी क्येलीस?"

"केली, तात्या."

"शाब्बास!" मग लगेच, "हात वाजीवलंस का?"

"नाही. गुपचूप."

"बरं," म्हणाले. "मंग झालं." आणि फोन दीपमालाताईंकडे दिला. एवढी शर्यत मारली तरी त्यांचं आपलं तेच! वाईट वाटलं.

२० डिसेंबर

दीपमालाताईंचा फोन. तात्या अंगणात तुळशीकट्ट्याला धडकले म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. एक डोळा पुरता गेलेला. दुसऱ्याला उजेड-अंधार आणि एखादा भडक रंग दिसतो, तोही जवळून. दोन वर्षं तरी झाली असतील, डॉक्टर म्हणाले. तात्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी विचारलं, आजोबा, मग नदीत कसे पोहता? तर म्हणाले, "सून फुडं आसती की. तिच्या हाताच्या आवाजावर जातो."

पहाटेच्या गाडीने साताऱ्याला निघते आहे. त्यांना घेऊन येते.