तपासणीसाठी झोपलेल्या पोरी

प्रिय शालू,

तू जाऊन नऊ वर्षं झाली, अन् मी तुले एक ओळ लिहिली नाई. आज लिहून राह्यली, कारण उद्या मी शिकवते त्या नर्सिंग शाळेत कौन्सिलची तपासणी आहे. आमचे प्राचार्य सर सकाळीच म्हणाले, "मॅडम, वॉर्डात पेशंट नाई. दहा पोरी पेशंट म्हणून खाटेवर झोपवून देजा."

आठवते का तुले? आपल्या शाळेनंही हेच केलं होतं! तुले झोपवलं, कपाळावर ओली पट्टी, अन् मी नाडी धरून उभी. तपासणीवाले पुढे सरकले तशी तू जीभ काढून दाखवली. किती पागल होतो आपण!

शाळेले मान्यता भेटली. आपली नोंदणी झाली, नंबर आला. तुया बाबानं आरमोरीत घरोघरी पेढे वाटले. खरा पेशंट मात्र आपण पाहिलाच नव्हता.

मग मुलचेऱ्याकडं दोघींले एकाच आरोग्य केंद्रात नोकरी लागली. पहिल्याच पावसाळ्यात तुले ताप आला. डॉक्टर मीटिंगले गेलेले. तिसऱ्या दिवशी तू सकाळपासून काहीबाही बडबडत होती, मग गप्प झाली. मले वाटलं, झोपली बिचारी. मी पांघरूण घातलं, कोणाले आवाजही करू दिला नाई.

दुपारी डॉक्टर आले अन् ओरडलेच, "हे झोपणं नोहे, बेशुद्ध आहे ही! सकाळीच गडचिरोलीले काऊन नाई नेलं?" मेंदूचा मलेरिया होता. जीप अर्ध्या रस्त्यात होती तेव्हाच तू गेली.

मायी पहिली खरी पेशंट तूच होती, शालू.

तू तरी म्हणाचं होतं ना, मंदे, मले मोठ्या दवाखान्यात ने! पण तुले तरी कुठं समजत होतं? तुयी शाळा तीच.

नंतर मी चंद्रपुरात मोठ्या दवाखान्यात राबली, तेव्हा कुठं खरी नर्स झाली. कोणाले तुयाबद्दल सांगितलं मात्र नाई. भेकड आहे मी.

आज पोरी वॉर्डात खिदळत पट्ट्या बांधून पाहत होत्या. एक म्हणते, "मॅडम, मी ताप घेऊ का मोडलेला पाय?"

नोकरी गेली तर जाऊ दे. त्या दिवशी तुले एकदा हलवून पाहाले पाहिजे होतं, तेवढंही केलं नाई मी. उद्या तपासणीवाल्यांसमोर दहाही जणींले नाव घेऊन खाटेवरून उठवीन.

तुयी,
मंदा