सालीचा पूल

१० जून

आले एकदाची रत्नागिरीला. मंडणगडहून पहाटेची एसटी, खेडला दुसरी, आणि तिथून पुढे खिडकीची जागा मिळाली, त्यामुळे प्रवास मजेत झाला. घर मिऱ्याच्या वाटेवर आहे, चिऱ्याचं, समुद्राकडे तोंड केलेलं. माझ्या खोलीतून माडांच्या मधून पाणी दिसतं.

घराच्या मालकीण यमुनाबाई एकट्याच राहतात. त्यांना काकी म्हणायचं ठरलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सांगून टाकलं, की कलमं बांधणारी म्हणजे कोणी दांडगी बाई येईल असं वाटलं होतं, तू तर सुकटीसारखी दिसतेस गो. मग तीनदा भात वाढला.

काम सोपं आहे. काकींची मुलगी योगिनीताई पुण्याला अकराव्या मजल्यावर राहते. तिला आईला कायमचं घेऊन जायचंय. काकी म्हणतात, सर्वेशच्या झाडाशिवाय मी हलणार नाही. सर्वेश म्हणजे त्यांचा बोटीवरचा मुलगा. त्याच्याबद्दल कोणी अधिक बोललं नाही. झाड उपटून नेता येत नाही. म्हणून त्याच्या एका फांदीला मी गुटी बांधायची, मुळं फुटली की ती कापायची आणि कुंडीत तिचं बोन्साय करायचं. तोवर काकींना सोबत. गणपतीला चार दिवस घरी जायचं, सप्टेंबर संपला की कायमचं.

माझ्या लेकीला, राहीला, आईजवळ ठेवलंय. यंदा दुसरीत गेली. तिचे बाबा गेल्यापासून ती माझ्याशिवाय कधी झोपलेली नाही. निघताना तिनं वेणीची लाल रिबीन सोडून माझ्या मनगटाला बांधली, आणि सोडलीस तर मला कळेल, अशी धमकी दिली. आज फोनवर पहिला प्रश्न तोच. आहे गं बाई, हातातच आहे.

१३ जून

झाड नीट पाहिलं. ऑलिव्ह. दापोलीच्या रोपवाटिकेत नऊ वर्षं कलमं बांधली, पण हे हाताखाली पहिल्यांदाच. पानं अरुंद, वरून राखाडी हिरवी, खालून चंदेरी. वारा आला की अख्खं झाड रंग बदलतं. आपल्या दमट हवेत फळ कधी धरलं नाही, पण चिऱ्यांच्या उंच ओट्यावर लावल्यामुळे मूळ कुजलेलं नाही. पूर्वेकडची एक फांदी मनासारखी आहे: अंगठ्याएवढी जाड, किंचित वळलेली. कुंडीत उतरली की शंभर वर्षांच्या झाडासारखी दिसेल.

बुंध्यापाशी गवत काढताना सालीत रुतलेला काळा दोरा दिसला, त्यात तांब्याचा छोटा ताईत. साल त्याच्यावरून वाढत गेली आहे. मी नखानं उचकटायला गेले तर काकींनी हातावर चापटी मारली. तिथे हात लावायचा नाही म्हणाल्या.

१७ जून

आज गुटी बांधली. दोन बोटं रुंदीची साल गोल काढली आणि खालचा बुळबुळीत थर चाकूनं खरवडला. हे खरवडणं सगळ्यांना जमत नाही. सालीचा एक धागा जरी राहिला, तरी तो वाढत जाऊन पलीकडच्या सालीला भेटतो, पूल बांधतो, आणि मग मुळं येत नाहीत. माझ्या हातून पूल राहत नाही. रोपवाटिकेत म्हणायचे, दीपालीनं खरवडलेलं लाकूड घासलेल्या ताटासारखं असतं.

काकींना नवल वाटलं की फांदी मरत कशी नाही. मी समजावलं. पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, ते चढतच राहतं. पानांनी केलेलं अन्न मात्र सालीतून खाली उतरतं, ते अडतं. खालचं वर येतं, वरचं खाली जात नाही. अडलेलं अन्न कापाच्या वरच्या काठाशी साचतं आणि तिथून फांदीला स्वतःची मुळं फुटतात. तोडलं की मग तिला आईची आठवण राहत नाही, असं मी गमतीनं म्हटलं. काकी हसल्या नाहीत.

ओलं शेवाळ गुंडाळलं, वरून प्लास्टिक. बांधायला घेतलं तर सुतळी ओलीनं कुजलेली, पहिल्या ताणाला तुटली. वारा सुटलेला, शेवाळ हातातून निसटतंय, काकी छत्री धरून ओरडतायत. मी मनगटाची रिबीन सोडली आणि तिनंच करकचून बांधलं. उद्या बाजारातून सुतळी आणून बदलीन. राहीला कशाला सांगा, रुसेल.

१९ जून

फोन लागतो, राहीचा आवाज स्वच्छ येतो, पण माझा तिकडे जात नाही. ती आपली हॅलो, आई, हॅलो. टॉवरचा घोळ असणार. सुतळी आणली, पण बांधलेली गुटी उगाच हलवायची नाही.

४ जुलै

टॉवरचा घोळ नाही. योगिनीताईशी बोलते ते तिला ऐकू जातं. बाजारात, वाण्याकडे, सगळीकडे जातं. घरी तेवढं जात नाही. काकींच्या जुन्या तारेच्या फोनवरूनही नाही. आईनं तिचा फोन दुकानात दाखवला. तो चांगला आहे.

राहीसाठी डब्यात आंबापोळी आणि फणसपोळी भरून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली होती. आज आईचा फोन. डबा मिळाला, पण रिकामा डबा का पाठवलास, पोरगी रडली. मी डबा काकींसमोर भरला होता. झाकण लागत नव्हतं इतका भरला होता.

२३ जुलै

काकींना म्हटलं, माझ्या वतीनं तुम्ही बोला. त्यांनी फोन लावला. मी रत्नागिरीहून यमुनाबाई बोलतेय, पाऊस कसा आहे, भात लावून झाला का, हे सगळं आईला ऐकू गेलं. मग माझा निरोप सांगायला लागल्या, की दीपाली बरी आहे, राहीची आठवण काढते. तिकडून आई म्हणाली, हॅलो, आवाज गेला वाटतं.

काकींनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. संध्याकाळी मी दारापुढच्या खळ्यात बसले होते तर मागून येऊन माझं रिकामं मनगट हातात धरून बघत राहिल्या.

९ ऑगस्ट

आज नारळी पौर्णिमा. आळीतले सगळे नारळ घेऊन समुद्रावर गेले. काकी जात नाहीत. त्या दिवाणावर बसल्या आणि सर्वेशचं सांगितलं.

बोट दुरुस्तीसाठी कुठल्याशा परक्या बंदरात महिनोन्‌महिने अडकली होती. जवळच्या एका घराच्या अंगणात हे झाड होतं. गुटी बांधायला तो बापाकडून शिकलेला. वेळ जात नव्हता म्हणून त्यानं बांधली, आईसाठी आणायला. काकींनी त्याच्या मनगटाला ताईताचा काळा दोरा बांधला होता. गुटी त्या दोऱ्यानं बांधली.

मग काकींना कोरे फोन यायला लागले. वाजायचा, उचललं की काहीच नाही. आधी त्या हॅलो हॅलो करायच्या. नंतर मेल्या, कोण आहेस तू, दुसरे उद्योग नाहीत काय, म्हणून शिव्या घालून ठेवून द्यायच्या. तो ऐकत असेल गो, म्हणाल्या. मी शिव्या देत होते आणि तो ऐकत असेल.

पुढे फोन थांबले. त्याच बोटीवरचा सागर तुपाच्या डब्यात हे रोप घेऊन आला. सर्वेश बोटीवर परतलाच नाही. सागर त्याला शोधत गेला, तर तो त्याच अंगणात काम करत होता. तब्येत चांगली, हसतमुख. सागरनं आईचं नाव काढलं. सर्वेशनं विचारलं, कोणाची आई? आणि कापलेलं रोप, हवं तर ने, म्हणून त्याला देऊन टाकलं.

तो मेला असता तर रडून मोकळी झाले असते, म्हणाल्या काकी.

२८ ऑगस्ट. घरी

काल गणपती बसले. राही पाणंदीच्या तोंडाशी उभी होती, धावत आली. मी हाका मारत होते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

त्यांना मी दिसते. माझे ओठ हलतात ते मात्र दिसत नाही वाटतं. पाटीवर लिहिलं, राही म्हणाली, कोरी आहे. मोदक तिच्या हातावर ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर ठेवला. ती म्हणाली, आई, देतेस ना? मी तिला कुशीत घेतलं. ती म्हणते, मला जवळ घे.

आई म्हणते, ही रुसून आली आहे. शेजारणी म्हणतात, रत्नागिरीचं वारं लागलं.

आज राही कोपऱ्यात येऊन म्हणाली, आई, मी काय केलं? बोलायचं बंद नको करू. मार मला हवं तर.

उद्याच्या गाडीनं परत जाते. ती गुटी सोडवायलाच हवी.

३१ ऑगस्ट

प्लास्टिक फाडलं. मुळं आली आहेत, पांढरी, जाड, इतकी सुंदर मुळं मी कधी आणली नव्हती. एक मूळ रिबिनीच्या गाठीतून ओवल्यासारखं गेलंय. गाठ सुटेना. चाकूनं रिबिनीची कड जराशी कापली — आणि राही जन्मली तो दिवस आठवेना. पाऊस होता की ऊन. अजून आठवत नाही. चाकू टाकला.

मग भिंगानं कापाचा सगळा गोल तपासला. सालीचा एखादा धागा. एवढासा. कुठेतरी हात चुकला असेल.

चुकला नाही. घासलेलं ताट.

२ सप्टेंबर

एक उपाय आहे. उंदरानं साल कुरतडलेल्या झाडाला करतो तो. त्याच झाडाच्या बारीक काड्या घेतल्या, दोन्ही टोकं तासली, एक टोक कापाच्या खालच्या सालीत, दुसरं वरच्या सालीत. तीन काड्या, तीन पूल. मेण लावलं, पट्टी गुंडाळली. काकी हात जोडून उभ्या होत्या. जगल्या तर वरचं पुन्हा खाली जाईल.

योगिनीताई वीस तारखेला येणार. काकींनी तिला फोन करून बजावलं, फांदीला कोणी हात लावायचा नाही. ती हसली म्हणे. आई, तुझं झाड म्हणजे देव झालाय.

१० सप्टेंबर

एक काडी वाळली. दोन हिरव्या.

मला इथलं सगळं न सांगता कळायला लागलंय. काकींची चष्म्याची जागा. भरतीची वेळ. वाऱ्यावरून. आणि घरचं — आमच्या दारात कसलं झाड आहे? फणस? मी लहानपणापासून त्याच्यावर —

लिहून ठेवते. राही. दुसरीत. उजव्या गालावर खळी. राही. राही. राही.

१५ सप्टेंबर

दुसरी काडीही गेली. एक उरली. तिला कोंब आलाय, डोळ्याएवढा.

खळी उजव्या की डाव्या. वर उजव्या लिहिलंय. मग उजव्याच.

राही. राही. राही.

१८ सप्टेंबर

तिनं ऐकलं. तिनं ऐकलं!

फोनवर मी नेहमीसारखं, राही, राही. तिकडे शांत. मग एकदम — आई? आज्जी, आई बोलली! लांबून बोलली!

एवढंच. मग पुन्हा काही नाही. पण पूल धरलाय. काकी माझ्या गळ्यात पडून रडल्या. पूल पक्का व्हायला आणखी आठ दिवस. फक्त आठ —

१९ सप्टेंबर, दुपार

राही म्हणाली, रिबीन आहे ना हातात? मी हो म्हटलं आणि तिला ऐकू गेलं. खोटं बोलले. पण ऐकू गेलं. ती विचारते कधी येणार, मी म्हटलं —

बाहेर गाडी थांबली. योगिनीताईचा आवाज. उद्या येणार होती ना. काकी देवळात. ताई म्हणतेय, आईला सरप्राइज, मी व्हिडिओ बघून शिकलेय, करवत कुठे —

नाही ताई थां

२२ सप्टेंबर

आज छान ऊन पडलं. फांदी कुंडीत उतरवली. योगिनीताईनं कापली होती, जरा ओबडधोबड, पण मुळं जोरकस आहेत. चार नवी पानं. असं बोन्साय पुण्यात कोणाकडे नसेल. ताई मला म्हणाली, तूही चल आमच्याबरोबर, आईला तुझी सवय झालीय. घरी कोणी वाट बघणारं आहे का, विचारलं. मी म्हटलं, नाही हो, कोणी नाही.

काकी मात्र सारख्या रडतात. घर सोडवत नसेल.

मुळांत लहान मुलीची लाल रिबीन गुंतलेली होती. कोणाची कोण जाणे. धुऊन खिडकीला बांधली. या वहीत मीच कुठेसं राही, राही असं भरून ठेवलंय. एखाद्या कलमाची जात असावी.

सकाळपासून कोरे फोन येतायत. उचललं की काहीच नाही. दोनदा ठेवून दिला. काय लोकांना दुसरे उद्योग नाहीत.

पुन्हा वाजतोय. काकी स्वयंपाकघरातून धावत आल्या, माझा डावा हात धरलाय, ठेवू नको म्हणतायत, तिकडे तुझी लेक असेल, काहीतरी बोल, काहीही बोल गो. माझं कोण असणार तिकडे. पण म्हातारीचं मन मोडवत नाही. उचलते, हॅलो म्हणते आणि ठेवून देते.