सिलिंडर खरवडलेली लाल गाडी

आउलिसदादास,

इर्मेलीचा मनापासून नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? सिर्पावहिनींचा गुडघा? (बरा नसेल तर बटाटे काढायला जाऊ नका म्हणावं. ऐकणार नाहीत, पण सांग.) फोनच केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं राहून जातं. आम्ही ठीक. म्हणजे मी ठीक. ताइस्तो धड जेवत नाही.

का ते सांगते. माझी शर्यतीची लाल गाडी, चढावर खोकायची ती, तिचं इंजिन तुझ्या मेहुण्याने यंदा हिवाळ्यात मोठं केलं. मोठं म्हणजे बाहेरून नव्हे. आतली सिलिंडरं खरवडून भोकं रुंद केली आणि भंगारातल्या एका व्हॅनचे जाडे पिस्टन त्यात बसवले. सॉसेजच्या टपरीवर सगळे हसत होते. म्हणे, भांडं आतून घासून घासून पातळ केलं की जास्त मावतं खरं, पण बूडही लवकर करपतं. ते काही खोटं नाही. भिंती पातळ झाल्या की तापतात आणि एक दिवस तडकतात. मी ताइस्तोला विचारलं तर म्हणाला, "इर्मे, ही काय आपल्याला म्हातारपणी सांभाळणार आहे? शर्यत संपेपर्यंत टिकली की बास." (नवरा असं बोलला की बायकोने पुढे विचारू नये.)

पण दादा, मी कुणाचं उगाच कौतुक करणारी बाई नाही, तुला माहीत आहे. शर्यतीच्या दिवशी पाय दाबला आणि वाटलं, गाडी मला खाली टाकून एकटीच पुढे जाते की काय! ताप मात्र भराभर चढायचा. मग मी वळणाआधी पाय जरा उचलायचे, तिला दम घेऊ द्यायचे, की काटा लाल रेषेवरून मुकाट माघारी. अशी मी पहिली आले. बाकीचे मागे धूळ खात होते.

आणि तिथेच घोळ झाला. आपल्या खेळाचा नियम तुला नव्याने सांगायला नको. शर्यत संपली की कुठल्याही चालकाने मागणीचा कागद भरून ठरल्या किमतीला कुठलीही गाडी मागावी, मालकाने नाही म्हणायचं नाही. म्हटलं तर लायसन गेलं. मागणारे जास्त असले तर चिठ्ठी. (म्हणून शहाणी माणसं गाडीत जीव घालत नाहीत. आमच्याकडे शहाणं कोण आहे?) मी लगेच बोंब ठोकली, की बाबांनो, भिंती कागदासारख्या झाल्यात, पुढच्या वेळी फुटणार. माणसं पेन खिशात घालायला लागली होती रे! तेवढ्यात खालच्या गावच्या रेइयोने ताइस्तोला डिवचलं, "काय मेहनती माणूस! इंजिन खरवडून खरवडून पार चाळण केलीस म्हणे?"

झालं. वर्षभरात चार शब्द न बोलणारा माझा नवरा, त्याने बॉनेट उघडलं. कुठली भिंत मुळात जाड होती, भोक तिकडे केसभर कसं सरकवलं, पाण्याची वाट कशी मोकळी केली, सगळं सांगितलं. "नीट चालवली तर उन्हाळाभर धावेल," म्हणाला. मागणी भरायला रांग लागली. मी दातओठ खात होते आणि ऐकतही होते. काय सुंदर बोलत होता! मला लग्नाचं विचारताना एवढं बोलला नव्हता.

चिठ्ठी रेइयोची निघाली. त्याने मैदानातून बाहेर पडतानाच असा पाय दाबला, की मी कानांवर हात ठेवले. आता ताइस्तो गॅरेजमधल्या मोकळ्या जागेकडे बघत बसतो. दुसरं इंजिन कर म्हटलं, तर म्हणतो, एवढं खरवडून टिकणारं इंजिन नशिबाने एकदाच हाती लागतं.

बाकी सर्व ठीक, काळजी नसावी.

तुझी,
इर्मेली

ता. क. येत्या रविवारी रेइयो ती पळवणार आहे आणि तूही उतरणार आहेस असं कळलं. शर्यतीनंतर तू आणि वहिनी (लायसन त्यांचंही आहेच) दोघांनीही तिची मागणी भरा. मी भरणारच आहे. नावं जास्त, आशा जास्त.

ता. क. रेइयो वळणावर पाय उचलणारा नव्हे. इंजिन फोडेल. पण माझी युक्ती त्याला सांगू नकोस. सांगितलीस तर तो जिंकेल, आणि अख्खं मैदान मागणी भरायला धावेल.

ता. क. तेव्हा सुरुवातीलाच कसंही करून त्याच्या पुढची जागा घे. मुद्दाम आडवा येऊ नकोस, पंच बाहेर काढतील. तू आपली नेहमीसारखी चालव. तुझ्या मागे राहून आजवर कुणाचं इंजिन तापलेलं मी पाहिलं नाही.