आज नको, उद्या बघ

दि. ९ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांची छत्री पुन्हा दुरुस्त झाल्याचं वाचून हसू आलं. बिघडलेली वस्तू त्याच दिवशी टाकायची नाही, उद्या बघायचं, हा तुझा कायदा छत्रीलाही लागू आहे तर.

माझ्याकडे मात्र बरं नाही. वर्षअखेर माझी नेमणूक संपते. मला कायम करायचं की नाही हे ठरवणारी समिती आधी एकच विचारते, माझ्या शोधनिबंधांचा दाखला इतरांनी किती वेळा दिला. लोक काय म्हणतील म्हणून तू दटावायचीस तेव्हा मी हसायचे. आता पोट त्यावरच आहे, आणि लोक काहीच म्हणत नाहीत.

माझा एन्झाइमवरचा निबंध आठवतो ना? एन्झाइम म्हणजे शरीरातली कामं उरकणारं प्रथिन. ते उकळलं की मेलं, असं सगळे धरून चालतात. मी उकळलेल्या नळ्या तुझ्या सवयीने टाकल्या नाहीत, टेबलावरच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर ते पुन्हा कामाला लागलेलं. पण निबंध छापला आमच्या सरांच्या छोट्याशा नियतकालिकात. सरांचा शब्द मोडवला नाही. आजवर त्याचा दाखला एकाच व्यक्तीने दिलाय, तीही मीच.

राजीनामा लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. औषधांच्या कंपनीत जागा आहे, सोमवारी सोडते म्हणते. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
बुटकी


दि. १४ जानेवारी

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

स्वतःच स्वतःचा दाखला देतेस? हे म्हणजे आपणच आपली पाठ थोपटणं. पण तुझ्या सरांचा मान राखलास ते बरं केलंस.

बाबा म्हणतात, पोर थकली असेल, सोडू दे. मी म्हणाले, छत्रीला एक न्याय आणि पोटच्या पोरीला दुसरा, असं कसं चालेल? ज्या नोकरीसाठी डोळे फोडून शिकलीस, ती रागाच्या भरात टाकायची नाही. राजीनामा राहू दे ड्रॉवरमध्ये, तो काय खायला मागतोय? उद्या बघ. उद्याही तसंच वाटलं तर परवा बघ.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी,
आई


दि. २२ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

एक दाखला मिळाला, पण तो शिवीसारखा आहे. आमच्या विषयात एक बडं प्रस्थ आहे, सगळे त्यांना हेडमास्तर म्हणतात. त्यांनी छापलंय की आम्हीही करून पाहिलं, काही जिवंत झालं नाही, या बाईंच्या नळ्याच धड धुतलेल्या नसाव्यात. मी तोंड लपवून रडले.

मग त्यांची कृती वाचली आणि रडू थांबलं. त्यांनी उकळलेल्या नळ्या थेट बर्फात घातल्या होत्या. मी त्यांना लिहिलं की घाई करू नका, टेबलावर आपोआप निवू द्या आणि उद्या बघा. उत्तर नाही. गंमत म्हणजे माझ्या दाखल्यांचा आकडा एकाने वाढला. मोजणाऱ्याला शिवी आणि ओवी सारखीच.

राजीनामा अजून ड्रॉवरमध्येच आहे. तुझा हात डोक्यावर राहू दे.

तुझी,
बुटकी


दि. ३० नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी कायम झाले.

हेडमास्तरांनी खरंच नळ्या टेबलावर ठेवल्या होत्या. त्यांच्या नव्या निबंधाची सुरुवातच माझ्या दाखल्याने होते: आम्ही घाई केली, त्यांचं बरोबर होतं. त्यांनी मान डोलावल्यावर जो तो नळ्या ठेवून बघायला लागला. यंदा आमच्या संस्थेत सर्वांत जास्त दाखले माझ्या निबंधाला आहेत. समितीत कोणी प्रश्नच विचारला नाही, उलट अध्यक्ष उठून उभे राहिले. सर तर नुसते हसत होते.

माझ्या नव्या निबंधाच्या शेवटी मी आभार मानलेत: आज टाकू नकोस, उद्या बघ, हे शिकवणाऱ्या माझ्या आईचे. आता जगभर लोक तुझ्याबद्दल काय म्हणतील ते बघ.

तुझी,
बुटकी


दि. ४ डिसेंबर

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

पत्र मी वाचलं, बाबांनी वाचलं, मग मी शेजारच्या काकूंना जाऊन वाचून दाखवलं. त्यांना एन्झाइम कळलं नाही, पण मी रडत होते म्हणून त्याही रडल्या. असा आनंद मला उभ्या जन्मात झाला नव्हता.

आता एक ऐक. ड्रॉवरमधला तो राजीनामा फाडून टाक. आजच टाक, उद्या बघू नकोस.

तुझी,
आई