थंडीची हौस

प्रिय भिंगरी,

तू पाठवलेली सहलीची फाइल मिळाली. निळी, रंगीत कप्प्यांची, दहा दिवसांच्या दहा पानांची. पहिल्या पानावर तू ठळक अक्षरांत लिहिलंयस, ‘बाबांची उत्तर दिशा’. ते वाचलं आणि मी, खरं सांगतो, फाइल मिटून बाजूला ठेवली. रागावू नकोस. किंवा रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर हे जमलं नसतं, कारण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला हसतेस आणि माझा धीर सुटतो. शुक्रवारपर्यंत माझे कागद सहीनिशी हवेत म्हणतेस. तर ऐक, मला यायचं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाबांनी ताकास तूर लागू दिली नाही असं नको व्हायला.

दुसरा दिवस, कुत्र्यांच्या घसरगाडीतून बारा किलोमीटर. त्या चित्रातल्या माणसाच्या मिशांवर बर्फ जमलाय आणि गडी दात काढून हसतोय. त्या मिशा पाहून मला शिसारी आली. तुला माहीत आहे का ते काय असतं? शेंबूड असतो तो. नाक वाहतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही, कारण नाक आपलं आहे हेच कळत नसतं, आणि ते सगळं ओठावर येऊन गोठतं. मी शीतगृहात एकतीस वर्षं तो दागिना मिरवला, माझा कुणी फोटो काढला नाही. चौथा दिवस, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरणे. अगं, गोठलेले मासे मी टनांनी उचललेत, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून. सहावा दिवस, बर्फाच्या हॉटेलात बर्फाच्या पलंगावर झोप, वर रेनडिअरचं कातडं. आम्हाला चाळीस मिनिटं झाली की शिट्टी मारून बाहेर हाकलायचे, तसा नियमच होता, आणि हे लोक आठ तास झोपवणार! आठव्या दिवसाचं तर बोलूच नकोस. गरम खोलीत घाम काढायचा आणि तसंच ओलं अंग घेऊन बर्फाच्या पाण्यात उडी मारायची. आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर त्याला घरी बसवला असता. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच.

घरात तर आनंदीआनंद आहे. तुझी आई नवे बूट पायात मुरावेत म्हणून सकाळपासून ते घालून स्वयंपाकघरात फिरते. चहा करताना बूट, भाजी चिरताना बूट. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका वर येऊन विचारून गेल्या, दुरुस्तीचं काम काढलंय का. जावईबापू रोज सकाळी एक व्हिडिओ पाठवतात, आज लांडग्यांचा, काल बर्फात गाडी रुतल्यावर काय करावं याचा. माणूस गुणी आहे, माझं काही म्हणणं नाही, पण घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी माझी गत झालीय. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: बाबांना काय, बाबांना थंडीची सवय आहे. सवय! गटार साफ करणाऱ्याला वासाची सवय असते, म्हणून कुणी त्याला वाढदिवसाला गटारावर नेत नाही.

माझं काम तू आत येऊन कधी पाहिलं नाहीस, मीच येऊ दिलं नाही. शीतगृह म्हणजे बाहेरून एक पांढरी पेटी. आत उणे पंचवीस. दाराला प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्या लोंबत असायच्या, शेकडो माणसांच्या डोक्याखांद्यांनी पुसून तेलकट झालेल्या. त्या रोज शंभरदा तोंडावर घासून जायच्या. गोठलेल्या मांसाला वास नसतो असं लोक म्हणतात. असतो. खोक्यातून गळालेलं रक्त जमिनीवर गोठायचं, ते आम्ही फावड्यानं खरवडायचो, आणि तो भुगा बुटांना चिकटून बाहेरच्या खोलीत वितळायचा. तिथंच आमचे ओले हातमोजे वाळत असायचे आणि तिथंच आम्ही डबे उघडायचो. मला त्या खोलीची इतकी किळस होती की पहिल्या वर्षी माझं वजन सात किलो उतरलं. मग एक दिवस किळस वाटेनाशी झाली, आणि त्या दिवसाची मला आता जास्त किळस येते.

आता तुझ्या चुकीकडे येतो. ती चूक तुझी नाही, माझीच आहे. तू चार-पाच वर्षांची असशील. मी घरी आलो की तू माझे हात गालाला लावून बघायचीस आणि विचारायचीस, इतके गार कसे? मी काय सांगणार होतो? मी म्हणालो, उत्तरेला जाऊन आलो. झालं. दुसऱ्या दिवशी तुला अस्वल हवं होतं, तिसऱ्या दिवशी कुत्र्यांची गाडी. मी रोज बसमध्ये बसून तुझ्यासाठी थापा जुळवायचो. एका अस्वलाला दातदुखी होती आणि मी त्याला लवंग दिली, हे तुला अजून आठवतं. लग्नात सगळ्यांसमोर सांगितलंस. तू मोठी झालीस, अस्वल खोटं हे तुला कळलं, पण बाबांना तिकडं जायची हौस आहे हे मात्र तू खरं धरून बसलीस. भिंगरे, मला हौस नव्हती. मला फक्त तुझ्यासमोर त्या पांढऱ्या पेटीचं नाव घ्यायचं नव्हतं. तू दोन वर्षं राबून मला माझंच खोटं आणून दिलंस, तेही फाइल करून, आणि तुझ्यावर चिडायचीसुद्धा मला सोय नाही.

इथवर लिहून मी थांबणार होतो. थंडीचा वीट आलाय, तुम्ही जा, मजा करा, एवढं पुरलं असतं. पण फाइलच्या शेवटच्या कप्प्यात तो फॉर्म होता. ज्यानं त्यानं स्वतः भरायचा. वजन, बुटाचं माप, पोहता येतं का. सातवा प्रश्न असा: थंडीनं पूर्वी कधी इजा झाली आहे का, बोटं पांढरी पडणं, बधिर होणं, हो की नाही. काल दुपारी मी चष्मा लावून बसलो आणि माझा हात आपोआप ‘नाही’कडे गेला. विचारसुद्धा केला नाही. पेन टेकलं, टिंब उमटलं, आणि मी पेन टाकून बाथरूममध्ये जाऊन बसलो. तुझी आई बूट वाजवत दारापर्यंत आली आणि विचारून गेली, पोट बिघडलं का. हो म्हणालो.

हाच प्रश्न आमच्याकडे दरवर्षी यायचा. अगदी याच शब्दांत. कंपनीच्या डॉक्टरचा कागद, माणशी एक. मुकादम मी होतो, बावीस माणसं माझ्या हाताखाली. कुणाला लिहायचा कंटाळा, कुणाला चष्म्याचा, म्हणून सगळ्यांचे कागद मीच भरायचो आणि ते खाली सह्या करायचे. मी सरसकट ‘नाही’ लिहायचो. माझ्या स्वतःच्या कागदावरही, डाव्या हाताची दोन बोटं केव्हाच बधिर झालेली असताना. ‘हो’ लिहिलं की माणूस आतून काढून बाहेर माल चढवायच्या धक्क्यावर पाठवायचे, आणि मग आत माल कोण लावणार?

तुला आमचा पैलवान आठवतो. तुला सायकल त्यानं शिकवली. मागची सीट धरून पळायचा आणि सोडून दिल्यावरही धरलंय म्हणून ओरडत राहायचा. त्याचं काम खोक्यांना लेबलं लावायचं. हातमोजा घालून लेबलाचा कागद सुटत नाही. मोजा काढायचा, अर्ध्या मिनिटात लावायचं, परत घालायचा. दिवसातून तीनशेदा. त्या वर्षी ऐन हंगामात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, मुकादम, सदऱ्याचं बटण लागत नाही, बोटं मेणासारखी झालीत, यंदा कागदावर खरं लिहा. त्यानं मला हात दाखवले. मी पाहिले. ओझरते नव्हे, भिंगरे, मी नीट पाहिले. त्या आठवड्यात सहा माणसं रजेवर होती आणि साहेब रोज माझ्या डोक्यावर बसला होता. मी पैलवानाला म्हटलं, एवढा हंगाम काढ, मग बघू. आणि त्याच्या कागदावर ‘नाही’ लिहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

हंगाम संपायच्या आत त्याच्या उजव्या हाताची चार बोटं काढावी लागली. अंगठा तेवढा राहिला. कंपनीनं तो कागद काढून दाखवला की माणसाची काहीच तक्रार नव्हती, हे बघा, सही आहे, आणि त्याला भरपाई न देता तशाच हातानं घरी पाठवलं. अक्षर माझं होतं. मी तिथंच साहेबाच्या खोलीत खुर्चीवर बसलो होतो आणि मूग गिळून गप्प राहिलो. पैलवानानंही माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, हे मला अकरा वर्षांत कळलेलं नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी रोज जेवलो तरी असतो नीट. तू विचारलंस पैलवानकाका कुठे गेले, तेव्हा मी म्हणालो, गावाला गेला, तिकडेच शेती बघतो. तो कुठेही गेलेला नाही. आपल्या घरापासून बसचे अकरा थांबे. तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी त्या रस्त्यानं जाणारी बस घेत नाही, दोन बस बदलून जातो. तुझी आई मला यावरून चक्रम म्हणते. तिला कारण माहीत नाही. या पत्रानंतर तिला मीच सांगेन, तू सांगू नकोस.

तुला माझी किळस आली असेल तर मी समजू शकतो. मला आलीच आहे, आणि ती त्या खोलीतल्या किळसेसारखी सवयीनं जात नाही. सातव्या प्रश्नापुढे मी ते टिंब खोडून ‘हो’ लिहिलंय आणि सही केलीय. आता ते लोकच मला नेणार नाहीत. तुम्ही तिघं जा. आईला घसरगाडीत पुढे बसव, तिला मागे बसून काही दिसलं नाही की ती बोलत बसते. पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. तू या प्रवासासाठी दहा दिवसांची रजा टाकली आहेस, शिवाय तयारीसाठी आधीचा सोमवार. तो सोमवार मला दे. मी एका कागदावर सगळं लिहून काढलंय, कंपनीचा त्याचा कागद मी भरला, त्यानं सांगूनही खोटा भरला, तारखेसह. तो कागद मला पैलवानाच्या घरी नेऊन द्यायचाय. त्याचं त्यानं काय करायचं ते करावं, कंपनीकडे न्यावा, पोलिसांत द्यावा, माझ्या तोंडावर फेकावा. गेल्या महिन्यात मी एकदा एकटा गेलो होतो. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो आणि माघारी आलो. बेल वाजली की वहिनी दार उघडतील. मग तो बाहेर येईल, आणि त्याचा स्वभाव मला माहीत आहे, तो आधी हात पुढे करेल. त्या वेळी मी पळून जाईन अशी मला भीती वाटते. तू माझ्या मागे जिन्यात उभी राहा.

तुझाच,
तुला थापा मारून वाढवणारा
बाबा